तारवावरील वादक : स्वरलिपीचा कागद आणि कराराचा कागद

प्रस्तावना

परभणी जिल्ह्यातील पेडगावसारख्या गावाला समुद्राची ओळख होते ती पाठ्यपुस्तकातून. संगीत मात्र तेथे परके नाही. भजनी मंडळातील पेटी व पखवाज, लग्नसराईतील बँड आणि ऑर्केस्ट्रातील कॅसिओ व ऑक्टोपॅड या वाटांनी ग्रामीण तरुण वादनाकडे वळतो. त्यांपैकी काही जण पुढे महाविद्यालयात संगीत हा विषय निवडतात. पदवीनंतर मात्र शिकवणी, शिक्षकपद किंवा हंगामी कार्यक्रम यांपलीकडे उपजीविकेची वाट सहसा दिसत नाही. अशा वेळी प्रवासी जहाजावर वादक हवेत, वेतन डॉलरमध्ये मिळेल, अशी जाहिरात विद्यार्थ्याच्या हाती येते व तो ती घेऊन आपल्या प्राध्यापकांकडे सल्ल्यासाठी जातो. हा व्यवसाय नेमका काय आहे, हे तेव्हा प्राध्यापकांना ठाऊक असणे आवश्यक ठरते.

आपल्या परिसरात या व्यवसायाचा सर्वांत जुना व ठळक अनुभव गोमंतकाच्या गाठी आहे. प्रस्तुत लेखात त्या अनुभवाच्या आधारे जहाजावरील वादनाचे स्वरूप स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. हा व्यवसाय केवळ हाताच्या कौशल्यावर उभा नसून तो दोन कागदांवर उभा आहे, हे लेखाचे मुख्य प्रतिपादन होय. पहिला कागद स्वरलिपीचा, दुसरा कराराचा. पहिला वाचता आला तर काम मिळते आणि दुसरा वाचता आला तर माणूस सुरक्षित राहतो.

गोमंतकातील पाठशाळा आणि वाचता येणारे संगीत

गोव्यात पोर्तुगीज सत्ता १५१० मध्ये सुरू झाली व १९ डिसेंबर १९६१ रोजी संपली. या प्रदीर्घ काळात चर्चला जोडलेल्या पाठशाळा गावोगावी चालत. तेथील शिक्षकास मेस्त्रे म्हणत. प्रार्थनेच्या वेळी गाणारे व व्हायोलिन वाजविणारे हात तयार करणे, हा त्या शिक्षणाचा हेतू होता. त्यासाठी मुलांना सोल्फेजो म्हणजे पाच रेषांवरील स्वर पाहून ते गळ्याने म्हणण्याची पद्धत शिकविली जाई. हेतू धार्मिक असला तरी त्याचा आर्थिक परिणाम दूरवर गेला. सामान्य घरातील मुलगाही पूर्वी कधी न ऐकलेली रचना कागदावर पाहून वाजवू लागला.

येथे आपल्याकडील स्वरलिपीशी तुलना करणे उद्बोधक ठरेल. विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२-१९३१) आणि विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) या दोघांनी हिंदुस्थानी संगीतासाठी स्वरलेखनाच्या पद्धती रूढ केल्या. भातखंडे यांच्या क्रमिक पुस्तकमालिकेमुळे असंख्य बंदिशी टिकून राहिल्या. परंतु या स्वरलिपीचे मुख्य कार्य स्मरणास साहाय्य करणे हे आहे. विद्यार्थी बंदिश गुरूकडून ऐकतो, पाठ करतो आणि कागद मिटून गातो. पाश्चात्त्य वाद्यवृंदात याच्या उलट घडते. तेथे कागद उघडाच राहतो आणि वादक तो वाचीत असतानाच वाजवीत असतो. एक पद्धत श्रेष्ठ व दुसरी कनिष्ठ, असा याचा अर्थ नव्हे. दोन्हींची प्रयोजने भिन्न आहेत. जहाजाला मात्र दुसऱ्या प्रकारचे वाचन लागते.

तारवटी, कूड आणि मुंबईचे वाद्यवृंद

मराठीतील 'तारू' हा शब्द कोकणीतही आहे. जहाजावर नोकरी करणाऱ्यास गोव्यात तारवटी म्हणतात. ब्रिटिश इंडिया, पी. अँड ओ. यांसारख्या कंपन्यांच्या आगबोटींवर गोमंतकीय स्वयंपाकी व वाढपी मोठ्या संख्येने असत. मुंबईत जहाजाची वाट पाहताना त्यांचा मुक्काम कूड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रामनिवासांत असे. धोबीतलाव परिसरात असे अनेक कूड होते. गावाच्या नावाने चालणाऱ्या या निवासात अल्प शुल्कात झोपण्याची जागा मिळे, सामूहिक प्रार्थना होई आणि ट्रंक ठेवून माणूस समुद्रावर जाऊ शके.

याच मार्गाने वादकही मुंबईत आले. मूकपटांच्या काळात चित्रपटगृहातील वाद्यवृंद, हॉटेलांतील नृत्यसंगीत, संस्थानिकांचे व पोलिसांचे बँड यांत त्यांना काम मिळाले. मिकी कोरिया यांचा वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलमध्ये १९३९ पासून दोन दशके वाजत होता. 'चिक चॉकलेट' या नावाने प्रसिद्ध झालेले ट्रम्पेटवादक अंतोनियो झेवियर वाझ (१९१६-१९६७) हे हळदोण्याचे. बोलपटांच्या काळात तर स्वरलिपी जाणणारा गोमंतकीय हा संगीतकार व वाद्यवृंद यांमधील दुवा ठरला. संगीतकार चाल गाऊन दाखवी आणि सेबॅस्टियन डिसोझा किंवा अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे संयोजक ती प्रत्येक वाद्यासाठी कागदावर उतरवीत. गोन्साल्विस (१९२७-२०१२) हे माजोर्ड्याचे. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतील प्यारेलाल त्यांचे व्हायोलिनचे शिष्य होते. त्यांच्या सन्मानार्थच 'अमर अकबर अँथनी' (१९७७) मधील पात्राला त्यांचे नाव मिळाले.

१९८० नंतर सिंथेसायझर व नव्या ध्वनिमुद्रणतंत्रामुळे चित्रपटांतील मोठे वाद्यवृंद हळूहळू आटले. त्याच काळात जगभर पर्यटन जहाजांचा व्यवसाय विस्तारत होता. वाचून वाजविण्याचे जे कौशल्य चर्चमध्ये जन्मले आणि स्टुडिओत रुळले, त्याला समुद्रावर नवे क्षेत्र मिळाले.

प्रवासी आगबोटीपासून क्रूझपर्यंत

जुनी आगबोट माणसाला एका बंदरातून दुसऱ्या बंदरात पोहोचविण्यासाठी असे. भोजनगृहातील संगीत हा त्या प्रवासाचा अलंकार होता. १९५८ मध्ये अटलांटिकवर जेट विमानांची वाहतूक सुरू झाली आणि काही वर्षांतच समुद्रमार्गे होणारी दीर्घ प्रवासी वाहतूक मागे पडली. मग जहाजच गंतव्यस्थान बनविण्याची कल्पना पुढे आली. रॉयल कॅरिबियन (१९६८) व कार्निव्हल (१९७२) या कंपन्या याच काळातील होत. २०२४ च्या जानेवारीत पहिल्या सफरीस निघालेल्या 'आयकॉन ऑफ द सीज' या जहाजावरील कर्मचारीच सुमारे २,३५० आहेत. अशा जहाजावर संगीत हे वाहतुकीचे भूषण राहत नाही. प्रवाशाला विकल्या जाणाऱ्या मालाचाच तो भाग असतो.

भारतातही असे प्रयत्न झाले. मुंबई-गोवा मार्गावर 'आंग्रिया' ही नौका ऑक्टोबर २०१८ मध्ये सुरू झाली. २०१९ मध्ये आलेल्या 'कर्णिका' जहाजाची सेवा कोविडच्या साथीत बंद पडली. २०२१ मध्ये 'कॉर्डेलिया'च्या सफरी मुंबईहून सुरू झाल्या. तरीही भारतीय वादकांच्या दृष्टीने मोठी बाजारपेठ परदेशी जहाजांचीच आहे.

जहाजावरील वादनाचे स्वरूप

जहाजावरील वादकांचे स्थूलमानाने चार प्रकार करता येतात. पहिला, नाट्यगृहातील वाद्यवृंद. दुसरा, नृत्यासाठी लोकप्रिय गाणी वाजविणारा बँड. तिसरा, उपाहारगृहात किंवा दिवाणखान्यात मंद स्वरात वाजविणारे दोघा-चौघांचे संच व एकटे पियानोवादक. चौथा, एखाद्या कार्यक्रमापुरता येणारा पाहुणा कलावंत. पहिल्या तीन प्रकारांत करार सामान्यतः चार ते आठ महिन्यांचा असतो.

वाचनाची खरी कसोटी पहिल्या प्रकारात लागते. दुपारी नवा गायक किंवा जादूगार जहाजावर येतो, आपल्या कार्यक्रमाची स्वरलिपी वादकांपुढे ठेवतो, एकदा तालीम होते आणि रात्री प्रयोग असतो. पाठ करण्यास वेळ नसतो. कानातील यंत्रातून लयीचा ठोका ऐकू येत असतो व पूर्वमुद्रित ध्वनीशी बरोबरी राखावी लागते. दुसऱ्या प्रकारात कागद कमी व कान अधिक लागतो. तेथे शेकडो गाण्यांचा साठा आणि फर्माईश होताच स्वर बदलून वाजविण्याची तयारी हवी. बँडमध्ये कानाने घडलेल्या आपल्याकडील वादकास हा प्रकार तुलनेने जवळचा आहे, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

याशिवाय वादक हा जहाजाचा कर्मचारी असतो. अग्निशमन, प्राणरक्षण, प्रथमोपचार व वैयक्तिक सुरक्षा यांचे मूलभूत प्रशिक्षण, वैद्यकीय तपासणी आणि नाविकाची नोंदपुस्तिका यांची त्याला गरज पडते. धोक्याची शिटी झाली की सॅक्सोफोन बाजूला ठेवून त्याला नेमून दिलेल्या जागी प्रवाशांना जीवरक्षक जाकिटे घालावयास मदत करावी लागते. राहण्यास बहुधा दोघांत एक खोली असते. घरातील लग्न, आजारपण, मृत्यू हे सारे दूरध्वनीवरून अनुभवावे लागते. डॉलरच्या आकड्याचा विचार करताना ही बाजूही हिशेबात धरली पाहिजे.

टायटॅनिकवरील आठ वादक

कराराचे महत्त्व समजण्यासाठी एका जुन्या घटनेकडे वळणे उपयुक्त ठरेल. १५ एप्रिल १९१२ रोजी टायटॅनिक बुडाले तेव्हा वॉलेस हार्टली व त्यांचे सात सहकारी अखेरपर्यंत वाजवीत राहिले, ही कथा सर्वपरिचित आहे. त्या कथेचा उत्तरार्ध मात्र क्वचितच सांगितला जातो. हे आठही वादक जहाज कंपनीचे नोकर नव्हते. लिव्हरपूल येथील एका मध्यस्थ संस्थेने त्यांना नेमले होते आणि ते दुसऱ्या वर्गाच्या प्रवाशांचे तिकीट घेऊन चढले होते. त्यामुळे त्यांच्या कुटुंबांनी नुकसानभरपाई मागितली तेव्हा, ते आमचे कर्मचारी नव्हते, असे जहाज कंपनीने सांगितले. मध्यस्थ संस्थेनेही जबाबदारी नाकारली. इतकेच नव्हे, तर जॉक ह्यूम या तरुण व्हायोलिनवादकाच्या वडिलांकडे मुलाच्या गणवेशाच्या हिशेबापोटी १४ शिलिंग ७ पेन्स मागण्यात आले. कुटुंबांना शेवटी आधार मिळाला तो लोकवर्गणीच्या मदतनिधीचा.

जगाने ज्यांना वीर कलावंत म्हणून गौरविले, त्यांना कायद्याच्या वहीत मात्र ना प्रवासी म्हणून स्थान होते, ना कामगार म्हणून. 'कलावंत' या शब्दाने मान मिळतो, संरक्षण मिळतेच असे नाही, हा या घटनेचा बोध होय.

सागरी कामगार करार, २००६

ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढली ती आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या सागरी कामगार कराराने. तो फेब्रुवारी २००६ मध्ये संमत झाला, ऑगस्ट २०१३ पासून अंमलात आला आणि भारताने ऑक्टोबर २०१५ मध्ये त्यास मान्यता दिली. जहाजावर कोणत्याही स्वरूपाचे काम करणारी व्यक्ती म्हणजे नाविक, अशी व्यापक व्याख्या त्यात आहे. त्यामुळे नियमित वादकही आचारी व यंत्रचालकाप्रमाणे नाविक ठरतो. काही दिवसांपुरत्या येणाऱ्या पाहुण्या कलावंताबाबत संदेह निर्माण झाल्यास, जहाज ज्या देशाचा ध्वज लावते त्या देशाने निर्णय घ्यावयाचा असतो. म्हणूनच जहाज कोणत्या ध्वजाखाली चालते, हा प्रश्न वादकासाठीही महत्त्वाचा आहे.

या करारातील काही तरतुदी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगितल्या पाहिजेत. नोकरी मिळवून देण्याबद्दल नाविकाकडून शुल्क घेता येत नाही. पारपत्र, नोंदपुस्तिका व वैद्यकीय दाखला यांचा खर्च तेवढा त्याच्याकडे असू शकतो. २४ तासांत किमान १० व सात दिवसांत किमान ७७ तासांची विश्रांती, किंवा कामाचे तास अनुक्रमे कमाल १४ व ७२, अशी मर्यादा आहे. आदेशाने घेतलेली तालीम ही कामात मोडते. स्वतःचा रियाज मोडत नाही. करार संपल्यावर घरी पोहोचविण्याचा खर्च जहाजमालकाचा असतो. जहाजमालकाने कर्मचाऱ्यांना वाऱ्यावर सोडल्यास आर्थिक हमीची तरतूद जानेवारी २०१७ पासून लागू आहे. भारतात नाविकांची भरती करणाऱ्या संस्थेस केंद्रीय नौवहन प्रशासनाचा परवाना घ्यावा लागतो आणि तो तपासून पाहता येतो.

या तरतुदींची कसोटी २०२० मध्ये लागली. फेब्रुवारीत योकोहामा बंदरात अडकलेल्या 'डायमंड प्रिन्सेस' जहाजावर १३२ भारतीय कर्मचारी होते. मार्चमध्ये जगभरातील सफरी थांबल्या. 'मरेला डिस्कव्हरी' जहाजावरील भारतीय कर्मचाऱ्यांना मुंबईत उतरण्यासाठी एप्रिलच्या अखेरीपर्यंत वाट पाहावी लागली आणि त्यांत गोमंतकीयांचा भरणा होता. नियम अस्तित्वात असूनही घरी परतण्यास विलंब झाला. मात्र आपण कोणाचे कर्मचारी, हा प्रश्न १९१२ प्रमाणे अनुत्तरित राहिला नाही. ज्याच्या हाती रीतसर करार होता, त्याला कोणाकडे दाद मागावयाची हे ठाऊक होते.

समारोप

गोव्यातील पाठशाळेने मुलांना जहाजासाठी तयार केले नव्हते. तिने त्यांना वाचावयास शिकविले आणि त्या वाचनाच्या बळावर ते हॉटेल, स्टुडिओ व समुद्र येथवर पोहोचले. महाविद्यालयीन संगीत विभागांनाही यातून दिशा मिळू शकते. रागसंगीताच्या अभ्यासक्रमास धक्का न लावता आठवड्यातून दोन तासिका पाच रेषांच्या स्वरलिपीसाठी देणे अशक्य नाही. त्यासाठी पियानो नसला तरी चालतो. फळा, विभागातील पेटी आणि शिक्षकाची तयारी एवढे पुरेसे आहे. बँडमध्ये किंवा भजनात तयार झालेला कान हा त्या शिक्षणात अडथळा नसून भांडवल आहे.

दुसऱ्या कागदाचे वाचन तर संगीत विभागापुरते मर्यादित नाही. जाहिरात घेऊन आलेल्या विद्यार्थ्यास इंग्रजी, वाणिज्य वा राज्यशास्त्राचा प्राध्यापकही पाच प्रश्न विचारू शकतो : नेमणूक कोण करीत आहे, संस्थेकडे परवाना आहे काय, जहाजाचा ध्वज कोणता, पैसे कशासाठी मागितले जात आहेत आणि परतीचा खर्च कोणाचा. या पाचांची उत्तरे लेखी मिळत नसतील, तर वादन कितीही उत्तम असले तरी त्याने घराबाहेर पाऊल टाकू नये. मिळत असतील, तर समुद्र न पाहिलेल्या गावातील वादकानेही हे क्षेत्र आपले नाही असे मानण्याचे कारण नाही.