धरणाच्या पोटातली माती

नळाला पाणी आलं की आमच्या सौ. अजून म्हणतात, "नाथसागर आला!" छत्रपती संभाजीनगरची तहान पैठणच्या या जलाशयावर भागते. पण त्याला अडवणारी भिंत कशाची, हे आपण सहसा विचारत नाही. मला ते एका कर्जाच्या अर्जानं शिकवलं.

ऐंशीच्या दशकात मी पैठण भागातल्या एका बँकेत शेतीकर्जं पाहत असे. एक वृद्ध धरणग्रस्त शेतकरी विहिरीसाठी कर्ज मागायला आले. नव्या खडकाळ जमिनीचा सातबारा अजून त्यांच्या नावावर झाला नव्हता. मी हळहळलो, "जुनं रान बुडालं ना, बाबा?"

"बुडालं नाही, सायेब. तिथली काळी माती खणून नेली. माझं वावर धरणात उभं हाये."

अर्ज मी नियमानुसार परत केला.

पुढे ओळखीच्या एका निवृत्त अभियंत्यानं त्या वाक्याचा अर्थ उलगडला. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरची घरं तडकतात. पण ओलावा राखून, दाबून बसवली की ती पाणी सहजी सोडत नाही. म्हणून मातीच्या धरणात ती मधोमध, गाभ्यात घालतात. दोन्ही अंगांना मुरूम आणि पाण्याच्या बाजूला लाटा झेलणारं दगडी पिचिंग. टिहरीचं २६० मीटर उंचीचं धरण दगडी भरावाचं, पण त्याच्याही पोटात मातीचाच गाभा आहे.

खरी परीक्षा पायाची. दख्खनचा खडक म्हणजे लाव्हाचे थर. त्यांत सांधे, फटी आणि झिजलेला मुरूम. म्हणून पक्क्या खडकापर्यंत चर खणायचा, फटींत सिमेंटचं पाणी दाबानं भरायचं आणि चर मातीनं थराथरानं, रोलर फिरवत बुजवायचा. ही मेहनत पुन्हा कुणाला दिसत नाही.

एवढं करूनही थोडं पाणी पाझरतंच. वाळूची गाळणी त्याला वाट देते, माती मात्र वाहू देत नाही. "पाझर नितळ असला की आम्ही निर्धास्त," ते म्हणाले, "गढूळ झाला की झोप उडते." १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं होतं. त्यानंतर चारच वर्षांनी, १८ ऑक्टोबर १९६५ ला, लालबहादूर शास्त्रींनी जायकवाडीची पायाभरणी केली. २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं. सुमारे दहा किलोमीटरची ती भिंत आणि तिचे २७ दरवाजे पाहायला आजही माणसं जातात.

मीही नातवंडांना घेऊन जातो. ती दरवाजे मोजतात. माझी नजर मात्र लांबच लांब मातीच्या भरावावर जाते. त्यात कुणाचं तरी वावर आहे आणि त्याच्या विहिरीच्या अर्जावर नकाराची सही माझी आहे.