वॉकीटॉकी घेण्यापूर्वी परवान्याची खात्री करा

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत जंगलालगतच्या अनेक गावांत मोबाईल लागत नाही. धानाची राखण करताना वा तेंदूपाने तोडणाऱ्या मजुरांशी संपर्क ठेवताना वॉकीटॉकी उपयोगी पडते. मात्र कोणताही संच आणून लगेच वापरता येत नाही.

एकाच वारंवारतेवर दोघे एकदम बोलले, तर कोणाचेच नीट ऐकू येत नाही. वन विभाग व पोलीस यांचे बिनतारी संदेशही रेडिओ लहरींवरूनच जातात. आपल्या संचामुळे वणव्याचा किंवा वाघाचा निरोप अडला, तर जीवावर बेतेल. म्हणूनच केंद्रीय दूरसंचार विभागाचा बिनतारी नियोजन व समन्वय कक्ष वारंवारता नेमून देतो.

२०१८ च्या नियमांनुसार ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ पट्ट्यातील कमी शक्तीच्या संचास परवाना लागत नाही. मात्र त्यास 'ईटीए' ही सरकारी मान्यता हवी. दाट झाडीत त्याचा पल्ला घटतो, हे ध्यानात ठेवावे.

खरेदीपूर्वी वारंवारता व ईटीए क्रमांक विक्रेत्याकडून लिहून घ्यावा. हवी ती वारंवारता लावता येणारा संच स्वस्त मिळाला, तरी परवान्याशिवाय वापरू नये. लांब पल्ल्याची गरज असलेल्या भातगिरणीने वा सहकारी संस्थेने आधी परवाना घ्यावा, मगच संच घ्यावेत.