खंजिरी भजन

खंजिरी भजन हा महाराष्ट्रातील, विशेषतः विदर्भातील, सामूहिक भजनगायनाचा एक लोकप्रिय प्रकार आहे. खंजिरीच्या ठेक्यावर मुख्य गायक पद म्हणतो आणि बाकीचे सर्वजण त्याचे ध्रुपद उचलून धरतात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (१९०९–१९६८) यांनी या प्रकाराला लोकशिक्षणाचे साधन बनवले.

पार्श्वभूमी

समूहाने भजन करण्याची परंपरा महाराष्ट्रात वारकरी संप्रदायामुळे जुनी आहे. तेथे टाळ, मृदंग व वीणा ही मुख्य वाद्ये होत. खंजिरी हे त्यांच्या मानाने लहान वाद्य आहे. लाकडी कड्याच्या एका बाजूस चामडे ताणून बसवलेले असते व कड्यात धातूच्या चकत्या अडकवलेल्या असतात. ती एका हातात धरून दुसऱ्या हाताने वाजवता येते. त्यामुळे गायकाला स्वतःच ठेका धरता येतो आणि गावोगावी हिंडताना वाद्य वाहून नेण्याचा त्रास होत नाही.

इतिहास

तुकडोजी महाराजांचा जन्म अमरावती जिल्ह्यातील यावली येथे झाला. त्यांचे मूळ नाव माणिक बंडोजी इंगळे होते. वरखेडचे आडकोजी महाराज हे त्यांचे गुरू. १९३५ मध्ये त्यांनी मोझरी येथे गुरुकुंज आश्रम स्थापन केला. १९३६ मध्ये महात्मा गांधींच्या निमंत्रणावरून ते सेवाग्राम येथे राहिले. पुढे त्यांची भजने स्वातंत्र्याचा प्रचार करू लागली. १९४२ च्या आंदोलनात त्यांना अटक होऊन नागपूर व रायपूर येथील तुरुंगांत ठेवण्यात आले. त्यांनी मराठी व हिंदी या दोन्ही भाषांत विपुल पदरचना केली. व्यसनमुक्ती, ग्रामसफाई, अस्पृश्यतानिवारण व श्रमप्रतिष्ठा हे त्यांच्या भजनांचे नेहमीचे विषय होते.

सामुदायिक प्रार्थना

गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखांमधून सकाळी सामुदायिक ध्यान व सायंकाळी सामुदायिक प्रार्थना करण्याची पद्धत रूढ झाली. ४१ अध्यायांच्या 'ग्रामगीता' या ग्रंथातही सामुदायिक प्रार्थनेवर स्वतंत्र विवेचन आहे. जेथे पाणवठा, देऊळ व पंगत जातीनुसार विभागलेली होती, तेथे सर्वांनी एका जागी बसून एका सुरात म्हणणे, ही केवळ उपासना नव्हती. शेजारी कोणी बसावे, हा प्रश्नच तिने निकालात काढावा, अशी अपेक्षा होती. म्हणूनच या चळवळीत प्रार्थनेला गावसुधारणेची पहिली पायरी मानले जाते.

मंडळाचे स्वरूप व सहभाग

गावातील भजनी मंडळात साधारणतः एक मुख्य गायक, खंजिरी, ढोलक किंवा तबला, पेटी, टाळ आणि साथ करणारे गायक असतात. साथीला बसण्यासाठी संगीतशिक्षणाची अट नसते. नवा माणूस आधी टाळी किंवा टाळ धरतो व ध्रुपद म्हणतो. ध्रुपद वारंवार येत असल्याने ते लवकर पाठ होते. शब्द व चाल ऐकूनच शिकली जात असल्याने निरक्षर व्यक्तीही मंडळात बरोबरीने गाऊ शकते. महिलांची स्वतंत्र भजनी मंडळेही विदर्भात अनेक ठिकाणी आहेत.

गोंदिया, भंडारा, गडचिरोली व चंद्रपूर या जिल्ह्यांतील धानपिकाचा प्रदेश झाडीपट्टी म्हणून ओळखला जातो. गोंदिया जिल्ह्याच्या देवरी तालुक्यातील चिचगड हे गाव याच पट्ट्यात येते. दंडार, खडीगंमत व नाटक यांची समृद्ध परंपरा येथे आहे. या कलांमध्ये कलावंत व प्रेक्षक वेगळे असतात. भजनात मात्र ऐकणाराही ध्रुपदाच्या वेळी गाणारा होतो.

वारसा

तुकडोजी महाराजांचे ११ ऑक्टोबर १९६८ रोजी गुरुकुंज येथे निधन झाले. तेथील पुण्यतिथी महोत्सवाला दरवर्षी मोठ्या संख्येने गुरुदेवभक्त येतात. एकाच वेळी सात खंजिऱ्या वाजवून प्रबोधन करणारे सत्यपाल महाराज यांनी ही परंपरा पुढे नेली आहे.

हे सुद्धा पाहा

तुकडोजी महाराज · ग्रामगीता · गाडगे महाराज · झाडीपट्टी रंगभूमी