ओसाड समजलेला कप्पा

संगणकाची कार्यप्रणाली रात्री अद्ययावत झाली आणि सकाळी यंत्र कुरकुरू लागले, की सारा दोष त्या अपडेटच्या माथी मारून आपण मोकळे होतो. कावळा बसला म्हणून फांदी मोडली की ती मुळातच किडलेली होती, याची चौकशी करण्याइतका धीर त्या घटकेला कोणाजवळ असतो? तथापि कावळ्यानेच फांदी मोडल्याचा एक पक्का दाखला उपलब्ध आहे.

२ ऑक्टोबर २०१८ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची १८०९ क्रमांकाची आवृत्ती खुली केली, आणि सेटिंग्जमध्ये जाऊन अपडेट तपासण्याचे बटण जे स्वतः होऊन दाबतात, त्या तत्पर मंडळींच्या हाती ती सर्वांआधी पडली. त्यांपैकी काहींचे यंत्र पुन्हा सुरू झाले तेव्हा डॉक्युमेंट्स, पिक्चर्स यांसारख्या कप्प्यांतील वर्षानुवर्षांचा ऐवज नाहीसा झालेला होता. आठवडा उलटण्याच्या आत कंपनीने वितरण तहकूब केले. असे प्रसंग टक्क्याच्या शंभराव्या हिश्शाइतके, म्हणजे दहा हजारांत एक, असा तिचा हिशेब होता. परंतु प्रसंगाची खरी गोडी त्याच्या कारणमीमांसेत आहे.

डॉक्युमेंट्सचा कप्पा सामान्यतः सी ड्राइव्हवर असतो, आणि तेथे जागा अपुरी पडू लागली की पुष्कळ लोक त्याचा पत्ता बदलून तो डी ड्राइव्हवर नेतात. त्या वेळी जुन्या फायलीही हलवायच्या काय, असे प्रणाली विचारते; 'नको' म्हणणाऱ्याचे नवे कागद नव्या जागी साठू लागतात आणि जुने, बिऱ्हाड शहरात हलले तरी वाडवडिलांची पेटी गावच्या माळ्यावरच राहावी तसे, होते तेथेच राहतात. वनड्राइव्हच्या जुन्या आवृत्त्यांतही हेच घडत असे. पुढे एप्रिल २०१८ च्या आवृत्तीनंतर, पत्ता बदललेल्या काही यंत्रांवर त्याच नावाचे रिकामे दुबार कप्पे दिसू लागले, त्याबद्दल रास्त तक्रारी झाल्या, आणि ऑक्टोबरच्या आवृत्तीत ते कप्पे काढून टाकण्याची तजवीज करण्यात आली. या तजविजीला अपडेटच्या बांधणीक्रमातील आणखी एक फेरफार येऊन मिळाला, आणि मग जुन्या पत्त्यावरचा कप्पा, आत काय आहे हे न पाहता, ओसाड समजून ऐवजासह जमीनदोस्त झाला. चालू पत्त्यावरचा तेवढा शाबूत राहिला.

अशा हानीवर पहिला इलाज म्हणजे हात आखडता घेणे. फाइल पुसली म्हणजे विंडोज तिच्या नोंदीवर 'जागा मोकळी' असा शेरा मारते. चुंबकीय चकतीवर तिचा मजकूर दुसरे काही वर लिहिले जाईपर्यंत बहुधा टिकून असतो. म्हणूनच त्या यंत्राचा वापर शक्य तितका कमी करा, असे मायक्रोसॉफ्टनेही बाधितांना सांगितले. आधुनिक एसएसडीवर मात्र मोकळी ठरलेली जागा आतल्या आत पुसली जाते, आणि ही आशा क्षीण होते.

छापयंत्र रुसले, आवाज बंद पडला, पडदा काळा झाला, अशा नित्याच्या तक्रारींत आपल्या नैयायिकांचा अन्वयव्यतिरेक अजून उपयोगी पडतो: कारण असता कार्य असावे, नसता नसावे. अपडेटच्या इतिहासात शेवटची नोंद कोणती ते पाहावे, तेवढे एकच काढावे आणि व्याधी गेली का ते तपासावे. चार गोष्टी एकदम बदलणाऱ्याला गुण आला तरी तो कशाने आला हे कधीच कळत नाही. सेफ मोडमध्ये मोजक्याच ड्रायव्हरांनिशी यंत्र सुरळीत चालले, तर संशय बाहेरच्या एखाद्या ड्रायव्हरवर वळवावा. मोठ्या आवृत्तीवरून मागे फिरण्यास विंडोज १० सामान्यतः दहा दिवसांची मुदत देते, पण ती सवलत प्रणालीपुरती असते. गेलेले कागद परत मिळण्याची हमी तीत नाही.

ऑक्टोबरच्या त्या आवृत्तीत फायली गेल्याच्या तक्रारी काही परीक्षकांनी ती खुली होण्यापूर्वीच फीडबॅक हब या मायक्रोसॉफ्टच्या तक्रार-नोंदवहीत नोंदविल्या होत्या. संख्येने थोड्या असल्याने त्या ढिगात दबून गेल्या. १३ नोव्हेंबरला आवृत्ती पुन्हा वाटली जाऊ लागली, तोवर त्या नोंदवहीत एक नवा रकाना उघडण्यात आला होता: तक्रार किती गंभीर आहे, हे तक्रारदाराने स्वतः लिहिण्याचा.