दुरुस्तीच्या टेबलावरून दिसणारा टीव्ही

टीव्ही कोणता घ्यावा हे विचारायला लोक माझ्याकडे येतात, आणि मी टीव्ही विकत नाही. मिरजेत माझं दुरुस्तीचं दुकान आहे. आयटीआयमधून रेडिओ-टीव्ही मेकॅनिकचा ट्रेड करून बसलो तेव्हा टेबलावर पिक्चर ट्यूबचे अवजड डबे असायचे; आज त्याच टेबलावर पातळ पडदे पालथे पडलेले असतात. दुकानदाराला टीव्ही पहिल्या दिवशी दिसतो, मला तो पाचव्या-सहाव्या वर्षी दिसतो. माझा सल्ला त्या पाचव्या वर्षातून येतो.

टीव्ही नेमका कशाने मरतो, ते आधी सांगतो. मागचं झाकण उघडलं की आत फार काही नसतं. एक पॉवर सप्लाय, एक मदरबोर्ड (हल्ली बऱ्याचदा दोन्ही एकाच बोर्डावर), दोन छोटे स्पीकर आणि पुढे पॅनेल. पॅनेलच्या मागे एलईडीच्या पट्ट्या, म्हणजे बॅकलाइट. आवाज येतो पण चित्र नाही, अशी तक्रार आली की मी दुकानातला दिवा घालवतो आणि पडद्यावर तिरका टॉर्च मारतो. आत पुसट चित्र हलताना दिसलं की समजायचं, पट्टीतला एखादा एलईडी गेलाय. पट्टी बदलता येते. बोर्ड दुरुस्त होतं, नाहीच झालं तर दुसरं बसवता येतं. पण पडद्यावर उभ्या रेषा आल्या, अर्धा पडदा पांढरा पडला किंवा घरातल्या पोरानं बॅट फिरवली, तर मी स्क्रू ड्रायव्हर हातात घेत नाही. टीव्हीच्या किमतीत सगळ्यात मोठा वाटा पॅनेलचाच असतो. ते नवं टाकायचं म्हणजे जवळजवळ नवा टीव्हीच घ्यायचा.

त्यामुळे माझं गणित सोपं आहे. जे नंतर बदलता येत नाही, त्यावर पैसे टाका. आवाज कमी वाटला तर नंतर साउंडबार लावता येतो. अ‍ॅप चालेनाशी झाली तर स्ट्रीमिंग स्टिक लावता येते. पडदा मात्र घेतला तोच शेवटपर्यंत.

आणि लोक नेमकं उलटं करतात. दुकानात पहिला प्रश्न असतो, ‘यात यूट्यूब आहे का? बोललेलं कळतं का याला?’ टीव्हीचा स्मार्टपणा सगळ्यात आधी म्हातारा होतो. स्वस्त टीव्हीत दीड-दोन जीबी रॅम आणि आठ जीबी जागा असते. अ‍ॅप दरवर्षी जड होत जातात, कंपनी काही वर्षांनी अपडेट देणं थांबवते आणि मग रिमोटचं बटण दाबल्यावर चहा ठेवून यावा इतका वेळ जातो. अशा वेळी काही हजारांत मिळणारी स्ट्रीमिंग स्टिक मागच्या एचडीएमआय पोर्टात खोचली की काम होतं. गूगल टीव्ही, सॅमसंगचं टायझन, एलजीचं वेबओएस यांपैकी काहीही असलं तरी रोजच्या वापराची मोठी अ‍ॅप मिळतात. त्यावरून डोकं पिकवू नका. एक गोष्ट तेवढी बघा. काही अगदी स्वस्त टीव्ही साध्या अँड्रॉइडवर चालतात, त्यांना गूगलचं प्रमाणपत्र नसतं. त्यांच्यावर काही अ‍ॅप चालतच नाहीत, आणि चालली तरी चित्र धूसर येतं.

मापाचं बोलू. गेल्या दिवाळीच्या आधी ओळखीतल्या एक वहिनी आल्या. म्हणाल्या, ‘भाऊ, त्रेचाळीस घेऊ का पंचावन्न?’

म्हटलं, ‘वहिनी, सोफा कुठं आहे?’

‘सोफ्याचं काय विचारताय, मी टीव्हीचं विचारतेय.’

पण सोफाच ठरवतो. इंचात सांगितलेलं माप हे पडद्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचं, तिरकं. बसण्याची जागा ते पडदा हे अंतर इंचात मोजा आणि त्याला 1.6 ने भागा. आठ फूट म्हणजे 96 इंच, भागिले 1.6, आले 60. तिथे 55 चा टीव्ही छान दिसतो. सहा फुटांवर 43 पुरतो. नऊ फूट असेल तर 65 चा विचार करा. हा हिशेब सिनेमा आणि एचडी चॅनेल बघणाऱ्यांसाठी. घरात दिवसभर साधे चॅनेल लागत असतील तर एक माप खाली या. कारण पुढे सांगतो. शिवाय 55 चा टीव्ही आडवा चार फूट भरतो, हे शोकेसच्या कोनाड्याचं माप न घेता जाणाऱ्यांना घरी आल्यावर कळतं. मी वहिनींना रद्दी चिकटवून भिंतीवर चार फूट बाय सव्वादोन फुटांचा चौकोन करायला सांगितलं. दोन दिवस तो बघत बसा, मग ठरवा. त्यांनी 55 घेतला. कोनाडा मात्र सुताराकडून मोकळा करून घ्यावा लागला.

आता त्या साध्या चॅनेलचं. फोर-के पडद्यावर आडवे 3840 आणि उभे 2160 ठिपके असतात, एकूण सुमारे 83 लाख. साध्या, म्हणजे एसडी चॅनेलच्या चित्रात 720 गुणिले 576, म्हणजे जेमतेम सव्वाचार लाखही नाहीत. गुणाकार करून बघा, बरोबर वीस पट फरक येतो. म्हणजे येणाऱ्या एका ठिपक्यावरून टीव्हीला वीस ठिपके स्वतःच्या अकलेनं भरायचे असतात. चांगल्या टीव्हीचा प्रोसेसर ते निगुतीनं करतो. साध्या टीव्हीवर मालिकेतल्या बाईंचा चेहरा मेणाचा दिसतो. त्यामुळे फोर-के घेऊन केबलचं एसडी पॅकेज तसंच ठेवणाऱ्यांना मी सांगतो, निदान रोज बघता ते चॅनेल तरी एचडी करून घ्या. आठ-के मात्र विसरून जा. त्या दर्जाचं बघायला घरी फारसं काही येत नाही.

पॅनेलच्या जातींवरून सगळ्यात जास्त गोंधळ आहे. ‘एलईडी टीव्ही’ हा खरा एलसीडीच. फक्त त्याच्या पाठीमागचा उजेड एलईडीचा. ‘क्यूएलईडी’ म्हणजे त्याच एलसीडीवर रंग खुलवणारा क्वांटम डॉटचा थर. ‘मिनी एलईडी’त मागचे दिवे बारीक आणि पुष्कळ असतात, त्यांचे गट वेगवेगळे मंद-प्रखर करता येतात, त्यामुळे रात्रीच्या दृश्यात काळोख बऱ्यापैकी काळा राहतो. ‘ओएलईडी’ ही जात वेगळी. तिथे मागे दिवा नाहीच, प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो. काळा रंग खरा काळा फक्त तिथेच मिळतो. दिवे घालवून सिनेमा बघणाऱ्याला, खिशाला झेपत असेल तर, मी डोळे झाकून ओएलईडी सांगेन. पण ज्या घरात सकाळी सातपासून बातम्यांचं चॅनेल लागतं, त्या घरात नाही. खाली सरकणारी ती लाल पट्टी आणि कोपऱ्यातला लोगो रोज तासन्‌तास त्याच जागी राहिले की ओएलईडीवर त्यांचा डाग कायमचा उठू शकतो. आमच्याकडे सकाळचा चहा आणि ब्रेकिंग न्यूज एकत्रच होतात, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

एलसीडीमध्येही दोन पोटजाती आहेत, आणि दुकानात याबद्दल कोणी बोलत नाही. व्हीए पॅनेलचा काळा रंग गडद, पण बाजूला बसून बघितलं तर रंग उडतात. आयपीएस पॅनेल बाजूनंही नीट दिसतं, पण अंधारात त्याचा काळा राखाडी होतो. आई स्वयंपाकघराच्या दारातून मालिका बघते, आजोबा कडेच्या खुर्चीत बसतात, अशा घराला आयपीएस. सगळे समोर एका सोफ्यावर बसत असतील तर व्हीए. खोक्यावर हे छापलेलं नसतं. दुकानात चार पावलं डावीकडे जाऊन बघितलं की कळतं.

दुकानातल्या चित्राला भुलू नका. तिथे सगळे टीव्ही ‘स्टोअर मोड’वर, उजेड कमाल पातळीवर आणि समोर फुलं, मासे, बर्फाचे डोंगर. असं चित्र कुठल्याही टीव्हीवर सुंदरच दिसतं. तुम्ही दुकानदाराला सांगा, ‘दादा, घरातला मोड लावा आणि आमचं नेहमीचं मराठी चॅनेल लावून दाखवा.’ पेन ड्राइव्हवर रात्रीचं दृश्य असलेला एखादा व्हिडिओ न्या. काळोखात केस आणि कोट वेगळे दिसतात का बघा. क्रिकेट चालू असेल तर आणखी बरं. कॅमेरा चेंडूमागे हिरवळीवरून फिरतो तेव्हा पडद्यावर मळकट पट्टे किंवा ढग सरकल्यासारखे दिसले तर त्या पॅनेलचा उजेड सारखा पसरलेला नाही. तो टीव्ही घेऊ नका. त्याच चेंडूमागे शेपूट दिसते का, हेही तिथेच कळेल. पडदा सेकंदाला 60 वेळा बदलतो की 120 वेळा, हा तो प्रश्न. क्रिकेट आणि गेम खेळणारी मुलं असतील तर 120 हर्ट्झला जास्त पैसे देणं पटतं, नुसत्या मालिकांसाठी नाही. एचडीआर ही अक्षरं तर आता प्रत्येक खोक्यावर असतात. पण 250-300 निट्‌स उजेडाच्या स्वस्त पडद्यावर एचडीआर दाखवायला ताकदच नसते. निदान 600 च्या पुढे गेलात तर विजेचा लोळ, दिव्याची ज्योत यांत फरक जाणवतो.

आवाजाबद्दल मिरजेच्या माणसानं बोलायचं नाही तर कोणी? आमच्या गावात तंबोरे-सतारी घडवणारी घराणी आहेत, तिथे भोपळा निवडतानाही कान लावतात. टीव्ही जसजसे पातळ झाले तसतशी स्पीकरला आत हवाच उरली नाही. त्यात त्यांचं तोंड खाली जमिनीकडे. म्हणून पार्श्वसंगीत ढणाढणा आणि संवाद पुटपुटल्यासारखे येतात. घरात कमी ऐकू येणारं वडीलधारं माणूस असेल तर बजेटमधले थोडे पैसे साउंडबारसाठी बाजूला ठेवाच. त्यासाठी टीव्हीला ‘ईएआरसी’ लिहिलेला एचडीएमआय पोर्ट आहे की नाही ते आजच बघा, कारण पोर्ट नंतर बसवता येत नाही.

माझ्याकडे येणाऱ्या टीव्हींत बाहेरून मेलेलेही बरेच असतात. स्टॅबिलायझर लागतो का, असं सगळे विचारतात. आजच्या टीव्हीचा पॉवर सप्लाय साधारण 100 ते 240 व्होल्टमध्ये काम करतो, व्होल्टेज कमी झाल्यानं त्याला काही होत नाही. त्याला मारते ती वीज आणि सुटलेला न्यूट्रल. न्यूट्रल सैल झाला की 230 च्या जागी 400 च्या आसपास व्होल्टेज घरात येऊ शकतं. वळवाच्या दिवसांत छतावरच्या डिशच्या केबलमधून येणारा झटका थेट एचडीएमआय पोर्टापर्यंत जातो. कडाडायला लागलं की प्लग काढायचा आणि डिशची केबलही. नुसतं रिमोटनं बंद करून भागत नाही. पुसण्याचंही असंच. काच पुसायचं पाणी थेट पडद्यावर फवारलं की ओघळून खालच्या कडेत उतरतं, तिथेच पॅनेलच्या नाजूक पट्ट्या असतात, आणि पंधरा दिवसांत उभी रेष. कापड ओलं करा, पडदा नाही.

ऑगस्ट 2019 च्या पुरानंतर सांगलीतून टेम्पो भरून टीव्ही आले होते. पिक्चर ट्यूबचे काही जुने डबे धुऊन, उन्हात वाळवून सुरू झाले. पातळ पडद्यांत मात्र थरांच्या मधे गाळाचं पाणी शिरलं होतं, ते डाग निघाले नाहीत. नदीकाठी राहणाऱ्यांनी टीव्ही भिंतीवर लावावा आणि ब्रॅकेट असं घ्यावं की दोन माणसांनी पाच मिनिटांत उचलून माळ्यावर ठेवता येईल. इतरांनी तो फार उंच लावू नये. पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर, जमिनीपासून सुमारे साडेतीन फुटांवर हवा. देवघरासारखा वर टांगलेला टीव्ही बघून माना आखडतात.

किमतींकडे बघताना एक लक्षात ठेवा. 22 सप्टेंबर 2025 पासून 32 इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, म्हणजे लहान-मोठ्याला कर आता सारखाच. 32 आणि 43 मधला फरक कमी झालाय. वॉरंटी किती वर्षं, आणि पॅनेलला वेगळी किती, हे बिलावर लिहून घ्या. कंपनीचा सर्व्हिसवाला तुमच्या तालुक्याला येतो की नाही, हे शेजाऱ्याला विचारा, सेल्समनला नाही. माल घरी आला की भिंतीला लावण्याआधी, आणणाऱ्या पोरासमोरच चालू करून एकदा पूर्ण पांढरा, एकदा पूर्ण काळा पडदा बघा. मग चित्राचा मोड ‘व्हिव्हिड’वरून काढून ‘सिनेमा’वर टाका. पहिले तीन-चार दिवस पिवळट वाटेल, घरचे कुरकुर करतील. करू द्या. उजेड कमी ठेवला की बॅकलाइटच्या पट्ट्याही जास्त टिकतात.

जुना टीव्ही एक्स्चेंजमध्ये दिला तर त्याचे फार पैसे येत नाहीत. पिक्चर ट्यूबचा असेल तर त्याच्या काचेत शिसं असतं, तो भंगारवाल्याला फोडायला देऊ नका; ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात द्या. आणि पडदा फुटलेला, पण बोर्ड चांगलं असलेला पातळ टीव्ही असेल तर माझ्यासारख्या एखाद्याला विचारा. त्यातून दुसऱ्या कुणाचा तरी चालू होतो. फक्त रिमोट बरोबर पाठवा, तो कधीच कोणी पाठवत नाही.