मंडप उतरला, पुढे काय?

रविवारी सकाळी ८.३० ची उपासना. माझा अलार्म ७.३० चा. तो बंद करून मी परत झोपते, हे आता घरात सगळ्यांना पाठ झालंय. आजी मात्र बायबल आणि ‘उपासना संगीत’ पिशवीत टाकून दारात उभी असते. “येतीस का गं?” एवढंच विचारते. मी म्हणते, “पुढच्या रविवारी नक्की.” असे किती पुढचे रविवार गेले, ते तिनंही मोजले नाहीत, मीही नाही.

सोलापुरात ख्रिस्ती घरात वाढलेल्या माझ्यासारख्या बऱ्याच जणांचं असंच चाललंय. नाताळात कॅरल्स म्हणायला आम्ही सगळे पुढे. घरोघरी फिरायचं, करंज्या खायच्या, स्टेटस टाकायचं. जानेवारीत गड्डा भरेपर्यंत चर्चचे मागचे बाक पुन्हा रिकामे! निम्मी गँग शिक्षणासाठी, नोकरीसाठी पुण्याला गेलीय. जे उरले त्यांच्यात कुरबुरी. आमच्या तरुण संघात मागच्या वर्षी वर्गणीच्या हिशेबावरून वाजलं आणि मी लहानपणापासूनच्या मैत्रिणीशी बोलणंच टाकलं.

मग मोठ्यांनी उज्जीवन सभा ठेवली. उज्जीवन म्हणजे मरगळलेल्या विश्वासात पुन्हा जीव येणं. मंडप, कीबोर्ड, ड्रम्स, बाहेरगावचे वक्ते. तीन दिवस वातावरण एकदम भारी होतं. काही जण रडले, मीही रडले. चौथ्या दिवशी मंडप उतरला. मैत्रीण गेटवर समोरून आली आणि मी मोबाइलमध्ये डोकं घातलं. मग बदललं काय?

हा प्रश्न घेऊन मी पंडिता रमाबाईंबद्दल वाचायला लागले. पुण्याला जाताना दौंड मागे पडलं की केडगाव लागतं. तिथेच रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. हुतात्मा एक्स्प्रेसनं कितीदा तिथून गेले असेन, पण खिडकीबाहेर कधी पाहिलं नव्हतं.

१९०५ मध्ये या केडगावात जे उज्जीवन झालं, त्याची दखल जगभर घेतली गेली. त्याआधी युरोपात वेल्समध्ये अशीच लाट आली होती आणि तिच्या बातम्या इथवर पोचल्या होत्या. पण रमाबाईंनी मोठी सभा भरवली नाही. जानेवारीत त्यांनी प्रार्थनेसाठी रोज एकत्र यायला सांगितलं. सुरुवातीला जमल्या जवळपास ७० जणी. जूनपर्यंत त्या ५०० च्या वर गेल्या आणि जूनच्या शेवटी उज्जीवनाला सुरुवात झाली. म्हणजे आधी पाच-सहा महिने रोजची, कुणाच्या नजरेत न भरणारी प्रार्थना होती. आपण नेमकं हेच गाळतो.

या मुली कोण होत्या? कितीतरी जणी दुष्काळातून वाचवून आणलेल्या, कुणी बालविधवा, कुणी घरच्यांनी टाकलेल्या. मुलींनी विव्हळत, रडत पापं कबूल केली, असं त्या काळच्या नोंदींत आहे. पण गोष्ट रडण्यावर संपली नाही. मुलींचे गट आजूबाजूच्या गावांत शुभवर्तमान सांगायला जाऊ लागले. मुक्तीतली शेती, विणकाम, छापखाना, अंध मुलींना ब्रेलमधून शिकवणं हेही चालूच राहिलं. स्वतः रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबल आणायचं काम हातात घेतलं. साध्या बाईलाही वाचता यावं, हा हेतू. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, त्याआधी त्यांनी ते पूर्ण केलं होतं.

नारायण वामन टिळकांचंही असंच काहीसं. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्ताच्या मागे जाणाऱ्या कुणालाही तिथे जागा होती.

हे सगळं आजीला सांगितलं. तिला मोठं काही वाटलं नाही. म्हणाली, “प्रार्थना करायच्या आधी भांडण मिटवावं की गं. एवढं सोपं आहे.”

सोपं नव्हतं. “सॉरी, माझंही चुकलं,” एवढा मेसेज टाइप करायला मला दोन दिवस लागले. ब्लू टिक आली, उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती घरी आली. चहा झाला. हिशेबाचा विषय दोघींनीही काढला नाही, तो अजून बाकी आहे. पण जाताना म्हणाली, “शनिवारी बसू या का प्रार्थनेला?”

आता दर शनिवारी आम्ही चौघं, ज्यांना चर्चला येणं जमत नाही अशा एखाद्या म्हाताऱ्या आजी-आजोबांच्या घरी जातो. एक गीत, थोडं वाचन, प्रार्थना. मग त्यांची औषधं आणून द्यायची, लाइट बिल भरायचं. पुण्याचे दोघं व्हिडिओ कॉलवर असतात. कधी नेट जातं, कधी चारातले दोघंच येतात. यालाच उज्जीवन म्हणतात का? माहीत नाही. पण मंडप उतरला की हे थांबणार नाही, कारण इथे मंडपच नाही.

रविवारचा अलार्म? तो अजूनही एकदा बंद करतेच. पण आजीला आता दारात एकटीला उभं राहावं लागत नाही.