वयावरून नोकरी गेली तर अमेरिकेत दाद कोणाकडे?



शेतकी खात्याच्या या पानावर आम्ही नेहमी बेणे, खत आणि पाणी यांविषयी लिहितो. या खेपेस विषय जरा निराळा आहे. आपल्या कार्यक्षेत्रातील बरीच मुले शिकून अमेरिकेत गेली. त्यांतली पहिली फळी आता चाळिशी-पन्नाशीत आली आहे. गटात फिरताना जुने सभासद विचारतात, "साहेब, तिकडं वय झालं म्हणून पोराला घरी बसवलं, तर ऐकून घेणारं कुणी आहे का?" आहे, पण त्याच्या दारात मुदतीत जावे लागते. सांगायचे आहे ते एवढेच.

आपल्याकडे सरकारी भरतीच्या जाहिरातीत वयाची अट उघड छापलेली असते. खाजगी नोकरीत वयावरून भेदभाव नको, असा स्वतंत्र कायदाही आपल्या देशात नाही. अमेरिकेतही पूर्वी अशीच गत होती. १९६५ साली तेथील कामगार मंत्र्यांनी अहवाल दिला. खाजगी नोकऱ्यांच्या सुमारे निम्म्या जागा पंचावन्नच्या पुढच्या माणसाला बंद होत्या, असे त्यात दिसले. त्यावर १९६७ साली कायदा झाला. वीस किंवा अधिक नोकर असलेल्या मालकाने चाळीस वर्षे वा त्यापुढील माणसाला निव्वळ वयामुळे नाकारू नये, काढू नये किंवा बढतीत डावलू नये, असा तो कायदा. आरंभी संरक्षण पासष्टीपर्यंत होते. १९७८ साली ते सत्तरीपर्यंत गेले आणि १९८६ च्या दुरुस्तीने बहुतेक कामांतली वरची मर्यादाच निघाली. तेथे काम करणारा परदेशी नागरिकही त्यात येतो.

अंमलबजावणी प्रथम कामगार खात्याकडे होती. १९७९ पासून ती समान रोजगार संधी आयोगाकडे आहे. आयोग स्वतःहूनही चौकशी लावू शकतो, पण बहुतेक काम तक्रारीवरूनच चालते. तक्रारीची मुदत १८० दिवस. राज्याचा तसा कायदा आणि तो राबवणारे खाते असेल, तर ३०० दिवस. हे दिवस काढल्याची नोटीस हाती पडल्यापासून मोजतात, शेवटच्या पगारापासून नव्हे. लागवडीची नोंद मुदतीत केली नाही, तर तोडीच्या वेळी भांडून उपयोग नसतो. तसेच हे.

तक्रार आली की आयोग दहा दिवसांत मालकाला कळवतो. दोघे राजी असल्यास मध्यस्थ बसवून तडजोड पाहतात. नाहीतर तपासनीस कागद मागवतो, साक्षी घेतो. मालक कागद देत नसेल तर समन्स काढता येते. भेदभाव दिसला तर आधी समेटाचा प्रयत्न, मग कोर्ट. आयोग थोड्याच प्रकरणांत स्वतः दावा लावतो. तक्रारदाराला मात्र ६० दिवसांनंतर आपला दावा लावण्याची मोकळीक असते. मालकाने जाणूनबुजून केले असे ठरले, तर बुडालेल्या पगाराइतकीच आणखी रक्कम पदरात पडते. तक्रार केली म्हणून त्रास देणे हेही बेकायदाच धरले जाते.

दोन दाखले देतो. टेक्सास रोडहाऊस या हॉटेल कंपनीवर आयोगाने २०११ साली दावा लावला. गिऱ्हाइकांसमोरच्या कामांना चाळिशीपुढच्यांना घेत नाहीत, असा आरोप होता. कंपनीने तो नाकारला, पण २०१७ साली १ कोटी २० लाख डॉलर देऊन तडजोड केली. दुसरी आयट्यूटरग्रुप ही चीनमधल्या विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवणारी कंपनी. तिचा संगणक पंचावन्न व त्यापुढच्या बायकांचे आणि साठ व त्यापुढच्या पुरुषांचे अर्ज आपोआप फेटाळतो, असा आयोगाचा आरोप होता. प्रकरण उघडकीस कसे आले? नाकारलेल्या एका उमेदवाराने तोच अर्ज फक्त जन्मतारीख बदलून पुन्हा पाठवला, आणि मुलाखतीचे बोलावणे आले! २०२३ साली ३ लाख ६५ हजार डॉलरवर ते मिटले.

तेव्हा परदेशी असलेल्या मुलाला फोनवर दोन गोष्टी जरूर सांगा. नोटीस, पत्रे, कामाचे शेरे तारखेसकट जपून ठेव. आणि पैसे घेऊन हक्क सोडल्याच्या कागदावर घाईने सही करू नकोस. १९९० च्या दुरुस्तीप्रमाणे चाळिशीपुढच्याला विचार करायला २१ दिवस, अनेकांना एकदम काढत असतील तर ४५ दिवस, आणि सहीनंतरही माघार घ्यायला ७ दिवस द्यावे लागतात.

जाता जाता आपल्याविषयी. सभासद बंधूंनो, या कारखान्याचे मालक आपणच आहोत. खोडवा ठेवायचा की मोडायचा, हे आपण लागणीची तारीख बघून ठरवत नाही. बांधावर उतरून फुटवा बघतो. माणसाच्या बाबतीतही आधी काम बघावे, मग वय विचारावे. त्यासाठी कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.